बोनेटखालचा निळा रंग

आमच्या परड्यातल्या आंब्याच्या फांदीला मागच्या मे महिन्यात गाडीच्या इंजिनाचे भाग लटकत होते. जाळ्याच्या जुन्या दोरीने बांधलेले, वाऱ्यावर हळूहळू फिरणारे. कुंपणापलीकडून शेजारच्या काकी बघत राहिल्या आणि मग ओरडल्या, "काय गो, यंदा बोंबील काळे पडले की काय?" आई तितक्याच मोठ्याने म्हणाली, "होय, चिपळूणचे आहेत. घेतेस काय वाटाभर?"

या गोष्टीविषयी लिहावं की नाही, असं बरेच दिवस मनात होतं. कॉलेजात आम्हाला आपल्या अनुभवावर लिहायला सांगतात तेव्हा मला नेहमी वाटतं, माझ्याकडे तसं काही घडलेलंच नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे कशाला अनुभव म्हणायचं आणि कशाला नुसतं घरातलं काम, हे विचारायलाही घरी कुणी नाही. पण ते फांदीला लटकणारे भाग अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत, म्हणून लिहिते.

माझे बाबा तांडेल होते. तांडेल म्हणजे होडी नेणारा, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा. होडी शेठची, पण समुद्रात गेल्यावर शब्द बाबांचा. एकदा जाळं ओढताना ते ओल्या फळीवर घसरले आणि गुडघा असा फिरला की दोन वेळा ऑपरेशन करूनही पूर्वीसारखा झाला नाही. डॉक्टरांनी साफ सांगितलं, चाला, बसा, गाडी चालवा, पण हलत्या फळीवर उभं राहायचं नाही. पुन्हा तसेच पडलात तर काठी कायमची.

म्हणून ही गाडी आली. आजूबाजूच्या वाड्यांमधली मुलं शहरातल्या शाळेत न्यायची-आणायची, असं आईने आणि मामाने मिळून ठरवलं. गाडी जुनी, चिपळूणहून घेतलेली. कधीतरी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली असणार, कारण सीट उचलली की खाली वाळलेल्या गाळाची रेघ दिसायची. बाबा गाडी घेऊन आले आणि अंगणात लावून किल्ली खिळ्याला अडकवली. नंतर ते तिला कधी गाडी म्हणाले नाहीत, 'तो डबा' म्हणायचे. "डबा हलवा जरा, कोंबड्या खाली जातायत." "त्या डब्याची काच लावली काय कुणी?"

आईला आणि मला एकच भीती होती. मे संपत आला की होड्या वर ओढतात आणि ऑगस्टात पुन्हा समुद्रात घालतात. शेठने बाबांना निरोप दिला होता की ऑगस्टात या, उभं राहू नका, बसून नुसतं सांगा. पण होडीवर बसून नुसतं सांगणारा तांडेल आम्ही कधी पाहिला नव्हता. जाळं अडकलं की बाबा उठणार, हे आम्हाला माहीत होतं आणि शेठलाही माहीत होतं. बाबांनी त्याला नाही म्हटलं नव्हतं. आई विचारायची तेव्हा ते म्हणत, "ऑगस्टात बघू."

गाडी धूर टाकायला लागली तेव्हा मेस्त्रींनी इंजिन खाली उतरवलं. मेस्त्री बाबांच्या ओळखीचे. पूर्वी बंदरावर होड्यांची इंजिनं बघायचे, आता गाड्यांचं गॅरेज आहे. मला ते लहानपणापासून ओळखतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी एकेक भाग दाखवला. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, त्याला ते टॅपेट कव्हर म्हणतात. खाली ऑइल साठवणारं परातीसारखं भांडं, ते चेंबर. शिवाय पुल्या आणि पट्ट्या. सगळ्यांवर गंजाचे पापुद्रे.

"आतलं मी बघतो," मेस्त्री म्हणाले. "हे बाहेरचं घरी न्या. घासा, रंगवा, आणा. खाऱ्या वाऱ्यात असंच ठेवलं तर चेंबरला भोक पडेल. माझ्याकडे यंदा माणूस नाय घासायला."

"माझ्याकडे तरी कुठं हाय?" बाबा म्हणाले.

मेस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही हाय की. कॉलेजात जाते ना? सुट्टी लागली असेल."

अशी मी त्या कामात आले. परीक्षा नुकतीच संपली होती. पहिले दोन दिवस मी एकटीच वायर ब्रशने घासत बसले. बाबा ओटीवर खुर्ची टाकून पाय लांब करून बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. ब्रशचा तो खरखर आवाज कानात बसतो. हात लाल झाले, गंजाने की आमच्या अंगणातल्या मातीने, कळेना. तिसऱ्या दिवशी मी चेंबर हातात घेतलं आणि बाबा एकदम खुर्चीवरून म्हणाले, "ते ठेव. ते मी करतो."

मी विचारलं, "का?"

"तळ तांडेलानेच करायचा असतो."

होड्या वर ओढल्यावर सगळे खलाशी रंगाला हात लावतात, पण पाण्याखालचा भाग तांडेल स्वतः करतो, दुसऱ्याला देत नाही. हे मला माहीत होतं, कारण लहानपणी मी बाबांना होडीखाली उताणे पडून रंग देताना पाहिलं होतं. चेंबर म्हणजे इंजिनाचा तळ, हे त्यांच्या डोक्यात कसं आलं कोण जाणे. ते लंगडत आले, पाटावर बसले, आजारी पाय सरळ ठेवला आणि चेंबर मांडीवर घेतलं. माझ्यापेक्षा त्यांचा ब्रश जोरात चालत होता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. आत भांड्यांचा आवाज मात्र एकदम वाढला. खूश असली की ती भांडी आपटते.

सगळं घासून झाल्यावर बाबांनी पडवीतून दोन वस्तू आणल्या. एक, होडीचा उरलेला निळा रंग, अर्धा डबा. दुसरी, प्लास्टिकच्या कॅनमध्ये मोरीचं तेल. मोरी म्हणजे शार्क मासा; त्याच्या काळजाचं हे तेल पूर्वी सगळ्यांच्या घरी असायचं, आता फार कमी लोक ठेवतात. होडीच्या लाकडाला आधी ते पाजतात. बाबा म्हणतात, लाकूड तेल प्यायलं की पाणी पीत नाही. नांगराला, साखळीला, लोखंडाच्या कड्यांनासुद्धा ते चोपडायचे. वास असा की हाताला लागला तर दोन आंघोळी कराव्या लागतात.

रंगाच्या डब्यावर बारीक अक्षरात इंग्रजीत सूचना होत्या. इंग्रजीतलं काहीही आलं की घरात ते माझ्याकडे येतं, औषधाच्या बाटलीपासून बँकेच्या मेसेजपर्यंत. मी वाचून दाखवलं, "रंगाआधी पृष्ठभागावर तेल किंवा ग्रीस राहू नये."

बाबा म्हणाले, "ते ग्रीसचं बोलतायत."

"तेलसुद्धा लिहिलंय, बाबा."

"खोबरेल असेल. मोरीचं तेल त्यांनी कुठं बघितलंय?"

मी मोबाईलवर एक व्हिडिओही दाखवला. त्यात एक माणूस इंजिनाचे भाग थिनरने तीन-तीनदा पुसत होता, मग गंज रोखणारा रेड ऑक्साइड आणि मग रंग. बाबांनी तो शांतपणे पाहिला. "ह्याच्या मागे बघ," ते म्हणाले. "नुसता माळ हाय, सुका. ह्याला खारा वारा लागलाय कधी?"

खरं सांगायचं तर मला ते थोडं पटलं. थोडं पटलं नाही. पण बाबा इतक्या दिवसांनी काहीतरी ठामपणे सांगत होते आणि ते ऐकायला मला बरं वाटत होतं.

बोल्टच्या भोकांमध्ये रंग जाऊ नये म्हणून काय घालायचं, असा प्रश्न आला. आईने तांदळाच्या पिठाची उकड मळून दिली. तिचे छोटे गोळे करून मी एकेक भोक बुजवलं. मग बाबांनी सगळ्या भागांना मोरीचं तेल चोळलं, फडक्याने पुसलं, एक दिवस उन्हात ठेवलं, आणि वर निळा रंग दिला. फांदीला ते सगळं टांगलं तेव्हाच शेजारच्या काकींनी बोंबलांची चौकशी केली. संध्याकाळपर्यंत उकडीच्या गोळ्यांना मुंग्या लागल्या. रंग दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत होता आणि वाऱ्याने उडालेली लाल माती त्यावर बसत होती. बाबा म्हणाले, "उन्हात सुकेल." तो पूर्ण सुकला नाही, पण लांबून सुंदर दिसायचा. समुद्र शांत असतो त्या दिवसातला निळा.

मेस्त्रींनी भाग बसवले. रंगाला बोट लावून वास घेतला, बाबांकडे पाहिलं, पण बोलले नाहीत. नंतर म्हणाले की मला वाटलं, तांडेलाला मी काय सांगणार.

इंजिन बसल्यावर बाबा, आई आणि मी फेरीला निघालो. भाट्याच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. गाडी छान चालली. पुलाच्या अलीकडे आईने नाक वर केलं. मग मी. बोनेटच्या फटीतून पातळ धूर येत होता आणि धुराला मोरी तळल्याचा वास येत होता. खमंग नाही, जळकट. शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "काय दादा, आज गाडीतच जेवण?" आई हसायला लागली. मीही हसले असते, पण बाबांचा चेहरा पाहिला आणि थांबले.

घरी येईपर्यंत निळा रंग सुरकुतला होता, दुधावर साय धरते तसा, आणि चेंबरवर तर फोड आले होते. गाडी अंगणात लावली आणि कुठून कुठून मांजरं जमा झाली. एक बोनेटवर बसलं. एक गाडीखाली शिरून चेंबरकडे बघत ओरडत राहिलं. मेस्त्री आले, बोनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "तांडेल, गाडी रंगवलीत की मोरी तळलीत?"

बाबांनी किल्ली खिळ्याला अडकवली, चप्पल घातली आणि बंदराकडे गेले. संध्याकाळ होईपर्यंत आले नाहीत. आले तेव्हा आईला एवढंच म्हणाले, "शेठ भेटला. विचारत होता."

आईने विचारलं, "मग?"

"काय नाय. विचारत होता."

रात्री जेवायला बसलो. आईने वाढताना दोनदा माझ्याकडे बघितलं, जणू मला काही सुचेल. पुस्तकात वाचलेलं कितीतरी असतं, पण अशा वेळी ताटासमोर बसलेल्या आपल्या माणसाला काय म्हणायचं, ते मला तरी अजून कुठे सापडलेलं नाही.

सकाळी मी जागी झाले ती त्या खरखरीच्या आवाजाने. बाहेर गेले तर बाबा पाटावर बसले होते, पाय लांब केलेला, मांडीवर टॅपेट कव्हर. मेस्त्रींना उजाडताच बोलावून त्यांनी सगळे भाग पुन्हा सोडवून घेतले होते. मेस्त्री ओटीवर चहा पीत होते आणि आपल्याला झोपेतून उठवल्याबद्दल कुरकुरत होते.

"बाबा, पुन्हा?" मी विचारलं.

त्यांनी वर बघितलं नाही. "नवीन होडी पहिल्या पाण्यात गळतेच. लाकूड फुगेपर्यंत गळते. म्हणून कोण किनाऱ्यावर टाकून येतो काय तिला?" मग ब्रश झटकून, "तो तुझा माळावरचा माणूस काय म्हणतो, थिनर किती वेळा?"

हे बोलणं मी विसरणार नाही. त्यांनी माझं ऐकलं म्हणून नाही. ते 'होडी' म्हणाले, म्हणून. तो शब्द त्या गाडीसाठी पहिल्यांदा निघाला होता.

या वेळी आम्ही सगळं नीट केलं. तेल जाईपर्यंत थिनर, मग साबणाचं पाणी, मग ऊन. गरम इंजिनावर टिकणारा वेगळा रंग मिळतो, तो आणायला बाबा आणि मी मारुती मंदिरकडच्या दुकानात गेलो. दुकानदाराकडे काळा आणि चंदेरी होता. बाबा म्हणाले, "निळा?"

"निळा मागवावा लागेल कोल्हापूरहून. काळा न्या ना. बोनेटखाली कोण बघतो?"

"निळाच मागवा," बाबा म्हणाले.

शाळा उघडायला फार दिवस उरले नव्हते. घरी आई वैतागली. रंगासाठी गाडी अडवून ठेवायची म्हणजे काय? बाबा ऐकत राहिले आणि रोज दुकानात फोन करत राहिले. गंमत अशी की काही दिवसांपूर्वी हाच माणूस म्हणाला होता, कुठला पण लाव, डबाच तो. तेव्हा निळा लावला तो केवळ हाताशी होता म्हणून.

रंग आला तर नवीन अडचण. डब्यावर लिहिलं होतं की रंग वाळल्यावर भाग भट्टीत तापवावेत, तरच रंग पक्का होतो. भट्टी कुठून आणायची? मी भीतभीत आईच्या बाहेरच्या चुलीकडे बघितलं, जिच्यावर आंघोळीचं पाणी तापतं. आईच्या ते लगेच लक्षात आलं.

"अजिबात नाय," ती म्हणाली.

"पाण्याचीच चूल आहे गं, जेवणाची थोडीच?"

"पाणी अंगाला लावतो की नाय आपण?"

बाबा तिला म्हणाले, "बघ, मग काय, वास घेऊनच पोरं न्यायची." आईने कपाळाला हात लावला आणि स्वतःच निखारे ओढायला बसली. तेलाचा रिकामा मोठा डबा आम्ही निखाऱ्यांवर उपडा ठेवला, आत तारेला टॅपेट कव्हर टांगलेलं. आग भागाला लागू द्यायची नाही, फक्त ऊब. किती तापलं ते मोजायला काही नव्हतं. आईने डब्यावर पाण्याचे थेंब शिंपडले, ते कसे नाचतात ते बघितलं आणि म्हणाली, "घावन घालण्याइतकं झालंय. एवढंच ठेवा." मग तिघंही तिथे बसून राहिलो. पहिल्या भागाला एका बाजूने काजळी लागली, तो पुन्हा करावा लागला. बाकीचे बरे झाले. चेंबर शेवटी, बाबांनी स्वतः टांगलं आणि स्वतः उतरवलं. त्यांनी त्यावर नख घासून पाहिलं. ओरखडा उठला नाही.

शाळा उघडली त्या दिवशी गाडी गेली. वास आला नाही. मांजरं काही दिवस आशेने येत राहिली, मग तीही कंटाळली.

शेठ आले ते जुलैत. फोन न करता, घरीच. आईने चहा ठेवला आणि मला डोळ्यांनी खुणावलं की तू इथेच थांब. शेठ इकडचं तिकडचं बोलले, मासळीचं बोलले, मग म्हणाले, "तांडेल, होडीवर रंग चाललाय. तुमच्याशिवाय तळाला कोण हात लावत नाय."

बाबा उठले. मला वाटलं, आता हो म्हणणार. बाबा मात्र शेठना घेऊन अंगणात गेले आणि गाडीचं बोनेट उघडून उभे राहिले.

शेठ वाकून बघत राहिले. "निळा? हा तर आपल्या होडीचा रंग."

"होय."

"इथं आत कोण बघणार, तांडेल?"

"होडीचा तळ कोण बघतो?" बाबा म्हणाले. "मासे."

शेठ हसले. मग हसू ओसरलं आणि त्यांनी बाबांच्या गुडघ्याकडे बघितलं, पुन्हा इंजिनाकडे बघितलं. "म्हणजे यंदा नाय."

"यंदा नाय. पुढं पण नाय. पोरं असतात ना सकाळची." बोनेट खाली करून त्यांनी त्यावर तळहात फिरवला, वर ओढलेल्या होडीच्या बाजूवरून फिरवायचे तसा. "होडीवरच्या पोरांना सांगा, तेल पाजल्यावर दोन दिवस थांबा. घाई करतात हल्ली."

शेठ चहा पिऊन गेले. आईने त्या दिवशी स्वयंपाकघरात एवढी भांडी आपटली की शेजारच्या काकींनी विचारलं, भांडण झालं काय गो?

आता सकाळी बाबा मलाही कॉलेजजवळ सोडतात. मी पुढे बसते, मागे लहान मुलांचा कलकलाट. वर्गात कुणी विचारलं, तुझे वडील काय करतात, तर मी सांगते, गाडी चालवतात, आधी तांडेल होते. पूर्वी हे सांगताना मी कुठला शब्द आधी घेऊ असं अडखळायचे. आता तेवढं होत नाही. थोडं होतं.

माझं शिक्षण मी माझ्या जिद्दीवर घेते आहे असं कुणी म्हणालं की मला संकोच वाटतो. एका माणसाने सगळं आयुष्य ज्यावर काढलं तो समुद्र सोडला, आणि कुणावर उपकार केल्यासारखं तोंड न करता सोडला. एका बाईने आपली चूल दिली. मी फक्त डब्यावरचं वाचून दाखवलं, आणि पहिल्या वेळी तेही कुणी ऐकलं नाही. तरी ते दोघं कुणाला सांगताना म्हणतात, आमच्या पोरीने गाडी रंगवली.

या मे महिन्यात परीक्षा संपवून मी घरी आले तर अंगणात मेस्त्रींची सायकल आणि पाटावर वायर ब्रश. टॅपेट कव्हर, चेंबर, पुल्या काढून ठेवलेल्या. मी चेंबर उलटंपालटं करून पाहिलं. लाल चिखलाचे डाग होते, पण रंग जसाच्या तसा होता.

"बाबा, हा तर चांगला आहे. कशाला पुन्हा?"

"वर्ष झालं ना?" ते म्हणाले. होड्यांना दरवर्षी रंग देतात. रंग कसा आहे, हे तिथे कुणी विचारत नाही.

ते टॅपेट कव्हर घेऊन पाटावर बसले. मी पुल्या ओढायला लागले, कारण माझ्या वाट्याला त्याच येणार. तेवढ्यात त्यांनी पायाने चेंबर माझ्याकडे सरकवलं.

"माझा पाय दुखतोय आज," ते म्हणाले. पाय दुखत नव्हता, सकाळी ते स्वतः आंब्यावर दोरी टाकत होते. "तळ तू घे."

मी पदवीची परीक्षा अजून दिलेली नाही. पण आंब्याखाली बसून चेंबर मांडीवर घेताना मला वाटलं, काहीतरी मिळालं आहे खरं. आई दारात येऊन उभी राहिली, बघितलं आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.